बिनसाखरेचा चहा

ताई, नमस्कार.

मी ४६ वर्षांची. सहकारनगरला राहते, माहेर पर्वती पायथ्याला. गेल्या दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी बाबा गेले. बाबा पक्के नास्तिक. स्वतःचं लग्न त्यांनी नोंदणी पद्धतीने केलं, घरात कधी सत्यनारायण होऊ दिला नाही. देहदानाचा अर्ज वीस वर्षांपूर्वी भरून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता. खाली पेनाने लिहिलं होतं, 'दहावं-तेरावं, फोटोला हार, काहीही नको.' आम्ही शब्द पाळला. पहाटे गेले, साडेदहाला वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. अकरा वाजता आम्ही घरात बसलो होतो आणि आता काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. भाऊ न्यू जर्सीहून दुसऱ्या दिवशी पोचला, तेव्हा बघायला काही उरलंच नव्हतं. पाचव्या दिवशी मी ऑफिसला गेले.

आई तेव्हा काही बोलली नाही. तीही देवभोळी कधीच नव्हती. पण आता पितृपक्षात मी न सांगता माहेरी गेले, तर आई गच्चीवर! केळीच्या पानावर वरण-भात, वडे, खीर वाढून कावळ्याची वाट बघत उभी. मला बघून ओशाळली. मी फाडकन म्हणाले, "बाबांना काय वाटलं असतं?" तिने मुकाट्याने पान उचललं आणि खाली आली. तेव्हापासून आमच्यात धड बोलणं नाही. ती नीट झोपत नाही, कुणाकडे जात नाही, वर्षभर चहासुद्धा बिनसाखरेचा घेते आहे, विचारलं तर म्हणते सवय झाली. माझा नऊ वर्षांचा मुलगा परवा म्हणाला, "आजोबा अजून हॉस्पिटलमध्येच आहेत का?"

भाऊ म्हणतो, "आईला एक ऑनलाइन श्राद्ध करून दे आणि विषय संपव." मला ते ऐकूनच कसंतरी होतं. दुसरीकडे आईचा चेहरा बघवत नाही. दिवाळी तोंडावर आली आहे, मग वर्ष होईल. बाबांचा शब्द मोडू, की आईला समजावू?

— दोन्हीकडून वाईट

*

प्रिय 'दोन्हीकडून वाईट',

आधी आईला फोन करा. माझं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. गच्चीवर बोललात त्याबद्दल "चुकलं माझं" एवढंच म्हणा, कारणं देऊ नका. कारणं द्यायला लागलं की माफी मागणारा माणूस हळूहळू वकील होतो, आणि पुण्यात तर लवकरच होतो.

झाला फोन? आता त्या पानाबद्दल बोलू.

पहिल्या वर्षात, म्हणजे वर्षश्राद्ध होईपर्यंत, पितृपक्षात पान ठेवायचं नाही, अशी बऱ्याच घरांत रीत आहे. तुमच्या आईच्या पिढीतल्या बाईला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. देवभोळी नसली म्हणून काय झालं, माहेरी तिने हे सगळं पाहिलेलं असणार. म्हणजे तिने शास्त्र पाळण्यासाठी पान ठेवलं म्हणावं, तर तेही चुकीच्या वर्षी ठेवलं. माझ्या मते तिला एवढंच हवं होतं, की आज मी त्यांच्यासाठी काहीतरी रांधलं. वडे तळायला गेलेला तास, खीर आटवायला गेलेला अर्धा तास. वर्षभरात नवऱ्यासाठी हाताने काही करायची तिला मिळालेली ती पहिली वेळ असेल, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही जिना चढून वर आलात.

मी पुण्यात रास्ता पेठेत वाढले. आमच्या शेजारी बेने इस्रायली कुटुंब राहायचं. हे लोक मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. त्यांच्याकडे नवस फेडताना किंवा शुभकार्याआधी मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं आणि एलियाहू नबीची प्रार्थना. प्रेषित तिकडचा, पोहे आपले. मला लहानपणी मलिदा हा नुसता खाऊ वाटायचा.

मग एक दिवस त्यांच्या घरातले आजोबा गेले. दफनानंतर सात दिवस त्या घरातली माणसं खाली बसून होती. ज्यू लोकांत याला शिवा म्हणतात. शिवा म्हणजे सातच. कुणी आलं तरी उठायचं नाही, यजमानपण करायचं नाही. भेटायला आलेल्यानेही स्वतःहून तोंड उघडायचं नाही, दुःखातला माणूस बोलला तर बोलायचं. (हा नियम आपल्याकडेही लागू करावा. "किती वय होतं? मग सुटले म्हणायचे," असं दारातच म्हणणाऱ्या माणसांची सोय होईल.) दफनानंतरचं पहिलं जेवण घरातलं नसतं, बाहेरून आलेलं खायचं असतं. माझ्या आईने पिठलं-भात पाठवला. तिने कुठल्या ग्रंथात वाचून पाठवला नव्हता. आपल्याकडेही सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून पिठलं-भात येतो, तसा तिने पाठवला. एकमेकांचा देव न ओळखणाऱ्या दोन घरांना पातेलं मात्र बरोबर कुठे न्यायचं ते ठाऊक होतं.

या साम्याचा उलगडा मला पुढे कॉलेजात झाला. १९०९ साली फ्रान्समध्ये आर्नोल्ड व्हान जेनेप नावाच्या अभ्यासकाने जगभरचे जन्माचे, वयात येण्याचे, लग्नाचे, मरणाचे विधी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. त्याला सगळ्यांत तीन टप्पे दिसले. आधी माणसाला नेहमीच्या आयुष्यातून बाजूला काढायचं. मग काही काळ त्याला उंबरठ्यावर ठेवायचं, ना आत ना बाहेर. शेवटी नव्या नात्याने परत आत घ्यायचं. मधल्या टप्प्यासाठी त्याने वापरलेला शब्द मूळ लॅटिन 'लीमेन'वरून आला आहे, आणि त्याचा अर्थ अगदी शब्दशः उंबरठा. आपली नवरी माप ओलांडते ते कुठे, हे सांगायला नको.

आता सुतक या चष्म्यातून बघा. दहा दिवस शिवाशिव, देवाला हात नाही, सणवार नाही: बाजूला काढणं आणि उंबरठा. दहाव्याला पिंड आणि कावळा. तेराव्याला माणसं येतात. आणि मग गोड जेवण. जवळचे नातेवाईक येऊन घरच्यांना गोड खायला घालतात, कुठे साडी-टोपी आणतात, दुखवटा काढतात. ते गोड म्हणजे परत आत घेणं. अमेरिकेतल्या अनेक ज्यू घरांत शिवा संपल्यावर घरातली माणसं एकत्र उठून बाहेर पडतात, आपल्या गल्लीला एक फेरी मारतात आणि परत येतात. बस, इतकंच. पण त्या फेरीनंतर शेजारी त्यांना हाक मारू शकतात, आणि ते कामावर जाऊ शकतात.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात आणि मी त्याच्याशी थांबले. आई वर्षभर बिनसाखरेचा चहा पिते आहे.

तुमच्या आईचं तोंड कुणी गोडच केलेलं नाही हो. तिला उंबरठ्यावर बसवलं आणि सगळे आपापल्या कामाला गेले. तेरावं नाही, म्हणून कुणी कधी यायचं ते कुणाला कळलं नाही. काही आले असतील, काही "आता इतक्या उशिरा काय जायचं" म्हणून राहिले असतील. तिने साखर सोडली असं ती म्हणणार नाही, कदाचित तिला स्वतःलाही तसं वाटत नसेल. (मधुमेह निघाला असेल आणि ती लपवत असेल, हीही शक्यता आहे. तेवढी तपासणी करून घ्या. मी अंतर्ज्ञानी नाही.) पण वर्षभरात ती कुणाकडे गेली नाही, झोप नाही, साखर नाही, हे सगळं एका ओळीत ठेवलं की मला सुतकच दिसतं. अकरा महिन्यांचं.

आणि तुमच्या मुलाचा प्रश्न. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर तोराजा नावाचे लोक आहेत. त्यांच्याकडे माणूस गेला तरी मोठा अंत्यविधी होईपर्यंत तो 'आजारी' समजला जातो. देह घरातच ठेवतात, कधी काही महिने, कधी वर्षं. त्याच्यासाठी जेवण नेतात, त्याच्याशी बोलतात. विधी झाला की तो मेला. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाने नेमकं तेच विचारलं. त्याने गाडी आलेली पाहिली, आजोबांना नेताना पाहिलं. पुढे काही घडलंच नाही, तर मग आजोबा हॉस्पिटलमध्येच असणार ना? त्याचा तर्क तुमच्या-माझ्यापेक्षा चोख आहे.

मला हे पुस्तकातून कळलं असं तुम्हाला वाटू नये म्हणून घरचं सांगते. एप्रिल २०२१ मध्ये माझा थोरला भाऊ कोविडने गेला. पुण्याची तेव्हाची अवस्था तुम्हाला आठवत असेल. आम्ही चार भावंडं, एकालाही जाता आलं नाही. महापालिकेच्या माणसांनी किट घालून सगळं केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण मी भावाचा शेवट फोनच्या पडद्यावर साडेतीन मिनिटांत पाहिला. मी स्वतः विधी वगैरे मानणारी नाही. तरी पुढचे कित्येक महिने माझ्या फोनमधला त्याचा नंबर मी अधूनमधून लावत असे. वाजायचा नाही. तरी लावायची. पुढच्या एप्रिलमध्ये वहिनीने आम्हा सगळ्यांना बोलावलं. मंत्र नव्हते. प्रत्येकाने त्याच्याशी झालेलं शेवटचं बोलणं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. माझं शेवटचं बोलणं गॅस सिलिंडरबद्दल होतं, ते सांगताना मी हसले आणि मग रडले. नंतर तिने त्याचं कपाट उघडलं आणि प्रत्येकाला एक शर्ट दिला. आमच्याकडे आलेला निळा चौकड्याचा शर्ट माझा मुलगा अजून घालतो. नंबर लावणं मी त्यानंतर केव्हा बंद केलं, ते आठवत नाही.

आता बाबांच्या शब्दाकडे येते, कारण तुमची खरी गाठ तिथे आहे.

माझ्या मते बाबांचा शब्द तुम्ही साडेदहा वाजताच पाळलात. देह त्यांचा होता, त्याचं काय करायचं हे सांगायचा अधिकार त्यांचा. तो अर्ज, ती गाडी, सगळं त्यांच्या मनासारखं झालं, आणि त्या अवस्थेत ते निभावणं किती कठीण असतं हे मला ठाऊक आहे. पण मागे राहिलेल्या बायकोने कसं रडावं, कुणाला जेवायला बोलवावं, गच्चीवर काय ठेवावं, हे कपाटाच्या दाराला चिकटवून जाता येत नाही. तो भाग आईचा. थोडासा तुमचा.

आणि बाबांना राग कशाचा होता, तेही जरा तपासून बघा. आपल्या गावात हा वाद जुना आहे. जोतिराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. भटजीशिवाय लग्न हा त्यातला मोठा कार्यक्रम. पण २५ डिसेंबर १८७३ला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं तेव्हा त्यांनी जागा मोकळी ठेवली नाही. त्यांनी नव्या मंगलाष्टका लिहिल्या, मराठीत. त्यांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांचं बोलते आणि वर तिला वचन देतो. म्हणजे कर्मकांडावर आयुष्यभर कोरडे ओढणाऱ्या माणसालाही अक्षता टाकायला काहीतरी निमित्त हवं असतं, हे पक्कं कळलं होतं. आणि १८९०मध्ये जोतिराव गेले, तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातल्यावर सावित्रीबाईंनी टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं, स्वतः हातात धरलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्यांनी टिटवं नाकारलं नाही, आपल्या हातात घेतलं. बाबांच्या कपाटात फुले होते का, मला माहीत नाही. बहुधा असतील.

शिवाय तुमच्या बाबांनी दसऱ्याला स्कूटर धुऊन तिला झेंडूची माळ कधीच घातली नाही, असं मला छातीवर हात ठेवून सांगा. मला असा एकही पुणेरी नास्तिक भेटलेला नाही. झेंडूवरून आठवलं: तो मूळचा मेक्सिकोचा, समुद्र ओलांडून इकडे आला आणि मंडईचा झाला. त्याच्या माहेरी १ आणि २ नोव्हेंबरला लोक आपल्या मृतांसाठी घरात मखर मांडतात. फोटो, मेणबत्त्या, त्या माणसाच्या आवडीचं जेवण. तो बिअर पिणारा असेल तर बिअरसुद्धा. आणि दारापासून मखरापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट, त्याला घर सापडावं म्हणून. यातलं काय तुमच्या आईच्या पानापेक्षा वेगळं आहे?

देहदानाबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण 'विज्ञानाला दिलं, आता विधी कसला' असा समज आपल्याकडे फार आहे. थायलंडमध्ये वैद्यकीय विद्यार्थी दान केलेल्या देहाला 'आचान याइ' म्हणतात. 'आचान' हा आपला 'आचार्य'च आहे. अर्थ, थोर गुरू. ते त्या देहाला नमस्कार करून अभ्यास सुरू करतात आणि शेवटी नातेवाइकांच्या उपस्थितीत, भिक्खूंच्या पठणात अंत्यसंस्कार होतात. तैवानमध्ये त्झू ची विद्यापीठातले विद्यार्थी देहदात्याच्या घरी जाऊन तो माणूस कसा होता ते समजून घेतात, तिथे दात्यांना 'निःशब्द गुरू' म्हणतात. आपल्याकडेही काही महाविद्यालयांत शवविच्छेदनाआधी विद्यार्थी शपथ घेतात. तुम्ही त्या महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात एकदा जाऊन या. आईला घेऊन जा. दात्यांच्या कुटुंबांसाठी ते काही करतात का, विचारा. करत नसतील तर निदान एक पत्र विद्यार्थ्यांसाठी ठेवून या: हे कोण होते, काय वाचायचे, कशावर चिडायचे. मुलालाही न्या. "आजोबा इथे शिकवायला आले होते," हे त्याला समजेल, आणि ते खोटंही नाही.

दुसरी बाजू सांगायची राहिली, नाहीतर मला सगळेच विधी गोड वाटतात असं होईल. बाबांच्या त्या चिठ्ठीने तुमच्या आईला एका गोष्टीतून वाचवलं असेल. तिच्या कपाळाला, गळ्याला, बांगड्यांना कुणी हात लावला नसेल. तसा हात लावणारा विधी मी पाहिलेला आहे, आणि तो करणाऱ्या बायका स्वतः विधवा होत्या. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव करून ही प्रथा बंद केली, त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. एकविसाव्या शतकात त्यासाठी ठराव लागला, यावर मी काही बोलत नाही. बाबांचा राग अशा गोष्टींवर असेल तर तो मला पूर्ण मान्य आहे. माझी कसोटी सोपी आहे: विधी झाल्यावर दुःखी माणसाभोवती माणसं वाढली की कमी झाली?

त्याच कसोटीवर भावाचं ऑनलाइन श्राद्ध नापास. पैसे भरले, लिंक आली, कुणीतरी अनोळखी माणसाने गोत्र विचारलं, चाळीस मिनिटं म्यूटवर बसलो. आई स्क्रीनसमोर एकटीच. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तर गुरुजी घरी हजर होते, तरी दोन मंत्रांच्या मध्ये पुढच्या यजमानाचा फोन घेत होते, तेव्हा लिंकलाच दोष देते असंही नाही. आईला खरोखर साग्रसंगीत श्राद्ध हवं असेल तर ते करू द्या, तुम्ही शेजारी बसा, तोंड वाकडं न करता. सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीकडे चौकशी करा. तिथे पोथीत संस्कृतसोबत मराठी अर्थ असतो, पुरोहितांत स्त्रियाही आहेत, आणि मुलगा परदेशी आहे म्हणून अडत नाही, मुलगी बसू शकते. पण तिला हेच हवंय असं धरून चालू नका. मला तर शंका आहे, नको असेल.

तिला विचारा. "वर्षाच्या दिवशी काय करू या?" असं विचारा, "काही करायचंय का?" असं नको. दुसऱ्या प्रश्नाला आपल्या आया नेहमी "नको" म्हणतात. उत्तर लगेच येणार नाही. आलं नाही तर तुम्ही काही गोष्टी पुढे ठेवा. बाबा पर्वती पायथ्याला राहायचे, म्हणजे टेकडीवर जात असणारच. आईचे गुडघे चढू देत असतील तर त्या दिवशी सकाळी सगळे चढून जा, नाहीतर ती खाली बाकावर बसेल आणि नातू वर जाऊन येईल. तारीख आत्ता ठरवा आणि माणसांना आत्ताच कळवा, कारण गेल्या वर्षी न आलेली माणसं निमित्ताची वाट बघत असतात. त्यांना 'श्राद्ध' म्हणू नका, 'श्रद्धांजली सभा' तर मुळीच म्हणू नका, माईक येतो. "बाबांना जाऊन वर्ष होतंय, आईकडे जेवायला या," पुरे आहे. फोटोला हार नको म्हणून लिहिलंय ना, नका घालू. तो शब्द पाळायला सोपा आहे आणि पाळल्याने आईलाही बरं वाटेल.

भावाला एक काम द्या. दुःखात नुसता सल्ला देणाऱ्या माणसाला काम दिलं की तो बराच सुधारतो. आणि त्याच्यावर फार रागावू नका. तो पोचला तेव्हा बघायला काही नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय. 'विषय संपव' म्हणणाऱ्याचा विषय बहुतेक सुरूच झालेला नसतो. जमलं तर त्याने यावं. न जमलं तर त्या रात्री तिकडे त्याने बाबांच्या आवडीचं काहीतरी स्वतःच्या हाताने करावं, बाहेरून मागवायचं नाही, आणि तुम्ही सगळे जेवायला बसाल तेव्हा त्यानेही बसावं. वेळेचा मेळ पहाटेचा येईल. येऊ दे.

पान ठेवायचं की नाही ते आईवर सोडा. ठेवलंच, तर या वेळी गच्चीवर तुम्हीही जा. पितृपक्षात पुण्यातल्या कावळ्यांना भाव येतो, दहा गच्च्या हिंडून ते टम्म झालेले असतात, शिवायला तास तास लावतात. इतर दिवशी लगेच येतात.

आता गोडाचं. त्यासाठी वर्षाच्या दिवसाची वाट बघू नका, दिवाळीच्या आधी करा. दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवाळीत फराळ करत नाहीत, तो बाहेरून येतो, तेव्हा तुम्ही तुमच्या घरून न्या. आणि आईच्या माहेरचं कुणी हयात असेल, भाऊ, बहीण, भाचरं, तर त्यांना बरोबर न्या, कारण तोंड गोड करण्याचा मान तुमच्या आधी त्यांचा. काय न्यायचं ते मी सांगू शकत नाही. बाबांना गोड काय आवडायचं हे तुमच्या तीन परिच्छेदांत कुठे आलेलं नाही. आईला फोनवर तेच विचारा, बोलायला विषय होईल.

आणि चहा होईल तेव्हा तिच्या कपात साखर तुम्ही घालू नका. डबा नुसता ट्रेमध्ये ठेवा, चमच्यासकट.

तुमची,
ताई